रूट कॅनाल परत करावं की दाढ काढून इम्प्लांट बसवावं? सांगली-मिरजेतल्या जाणकारांनी सांगा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आईच्या खालच्या उजव्या पहिल्या दाढेचं रूट कॅनाल बऱ्याच वर्षांपूर्वी झालंय, वर कॅप आहे. तिचं वय ६७. पावसाळ्यापासून त्या बाजूनं चावलं की कळ येते आणि हिरडीवर एक पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं की मुळाशी पू आहे, दाढ काढून इम्प्लांट (हाडात स्क्रू आणि त्यावर दात) बसवा. मिरजेत दुसरीकडं दाखवलं तर ते म्हणाले, रूट कॅनाल परत केलं तर दाढ वाचेल. दोघांनीही नीट वेळ देऊन समजावलं, म्हणून जास्तच गोंधळ झालाय. आईला साखर आहे, गोळ्या चालू आहेत. तिचं एकच म्हणणं, "माझी दाढ काढू नका." हे ठरवायचं कशावरून असतं? आणि हल्ली मायक्रोस्कोप, सीबीसीटी, लेझर असं काय काय ऐकू येतं, त्यातलं खरंच उपयोगाचं काय?

द्राक्षबाग

ताई, आमच्या वडिलांची दाढ अशीच त्रास द्यायची, काढून टाकली आणि तिथं काहीच बसवलं नाही. आता समोरची वरची दाढ खाली उतरलीय आणि शेजारची मोकळ्या जागेत कलंडलीय. त्या बाजूनं भाकरीचा पापुद्रासुद्धा चावता येत नाही त्यांना. काढायचीच ठरली तर पुढं तिथं काय आणि कधी बसवणार, ते आधी ठरवून घ्या.

दंतवैद्य_मिरज

कृष्णाकाठ, मी रोज रूट कॅनालचंच काम करतो, त्यामुळं माझा कल दात राखण्याकडं आहे हे धरून वाचा.

पुटकुळी येते-फुटते म्हणजे मुळाशी साठलेल्या पुवाला बाहेर पडायला वाट मिळाली आहे. म्हणूनच रात्रभर ठणका लागत नसणार. नुसत्या पुटकुळीवरून दाढ गेली असं ठरत नाही. ठरतं ते मूळ उभं चिरलंय का आणि कॅपखाली दाढेचा धड भाग किती उरलाय, यावरून.

मूळ उभं चिरलं असेल तर ती दाढ काढावीच लागते. त्या चिरेवर कुठलंही औषध चालत नाही. याची खूण अशी की प्रोब नावाची बारीक मोजपट्टी हिरडीच्या कडेनं फिरवली की सगळीकडं दोन-तीन मिलिमीटर जाते आणि एकाच अरुंद जागी एकदम खोल घुसते. दोघांपैकी कुणी असं मोजलं का, हे विचारा. काही मिनिटांचं काम आहे, त्याला मशीन लागत नाही.

चीर नसेल तर मग पाहायचं की पहिलं काम का फसलं. मुळाशी गळू होतं ते जंतूंमुळं. १९६५ मध्ये अमेरिकेत काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढा आतल्या नसेच्या जागेपर्यंत उघडून तशाच ठेवल्या. नेहमीच्या उंदरांची नस सडली आणि मुळाशी गळवं झाली. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मात्र उघड्या जागेवर आतून नवं कठीण आवरण तयार झालं. आज आम्ही जे काही करतो ते सगळं याच पायावर उभं आहे: जंतू बाहेर काढायचे आणि परत आत जाऊ द्यायचे नाहीत. पहिलं काम फसतं ते बहुतेक वेळा एखादा कॅनाल, म्हणजे मुळातली नसेची बारीक नळी, सापडलाच नव्हता म्हणून, नाहीतर कॅपच्या कडेनं लाळ झिरपत राहिली म्हणून. खालच्या पहिल्या दाढेत सहसा तीन कॅनाल असतात, चौथाही पुष्कळदा निघतो. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळातला दुसरा कॅनाल तर इतका बारीक असतो की मायक्रोस्कोप नसेल तर हुकण्याची शक्यता मोठी.

म्हणजे यंत्रांपैकी मायक्रोस्कोप खरोखर उपयोगाचा, विशेषतः दुसऱ्यांदा करायच्या कामात. सीबीसीटी म्हणजे दाढेचा त्रिमितीय स्कॅन. साध्या एक्स-रेत पुढचं-मागचं सगळं एकावर एक छापलं जातं. शिवाय गळू हाडाच्या आतल्या मऊ भागातच असेल आणि बाहेरचा कठीण थर शाबूत असेल, तर साध्या एक्स-रेत ते दिसतच नाही असंही होतं. आईंच्या बाबतीत लहान क्षेत्राचा सीबीसीटी काढणं योग्य ठरेल. पहिल्यांदाच होणाऱ्या सरळसोट रूट कॅनालला तो काढायची गरज नसते, उगाच किरणोत्सर्ग कशाला. लेझर पूरक म्हणून ठीक आहे, पण कॅनालची मुख्य धुलाई सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक द्रावणच करतं. लेझर नाही म्हणून कुणी दवाखाना बदलू नये.

एक विचारायचं राहिलं. आईंना हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शन किंवा गोळी चालू आहे का? हे नक्की कळवा.

माधवनगर

मध्येच विचारतो, क्षमस्व. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात एक व्हिडिओ फिरतोय की रूट कॅनाल केलेल्या दातामुळं कॅन्सर होतो. मी दोन दाढांचं करून घेतलंय. यात कितपत तथ्य आहे?

दंतवैद्य_मिरज

माधवनगर काका, तथ्य नाही. हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं प्रकरण आहे. वेस्टन प्राइस नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं अशा दातांचे तुकडे सशांच्या शरीरात घालून ससे आजारी पडतात असं दाखवलं आणि त्यावरून दात हेच शरीरातल्या बहुतेक रोगांचं मूळ असं मांडलं. त्या काळात अक्षरशः तोंडच्या तोंडं रिकामी केली गेली. नंतर नीट नियंत्रण ठेवून केलेल्या प्रयोगांत ते निष्कर्ष टिकले नाहीत आणि शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकानं तो सिद्धांत बाजूला ठेवला. मुळाशी पू असलेला दात तसाच अंगावर काढणं मात्र खरोखर वाईट. तुमच्या दाढा दुखत नसतील आणि एक्स-रेत मुळाशी हाड भरलेलं दिसत असेल तर निर्धास्त राहा.

कृष्णाकाठ

डॉक्टर, तुम्ही विचारलंत म्हणून आईची फाइल काढली. तिला वर्षातून एकदा शिरेतून एक इंजेक्शन देतात, झोलेड्रॉनिक ॲसिड लिहिलंय. हाडं ठिसूळ झालीत म्हणून मिरजेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी सुरू केलंय. दातांच्या दोन्ही डॉक्टरांना आम्ही हे सांगितलंच नाही, दातांशी त्याचा संबंध असेल असं मनातही आलं नाही.

कराडची_डॉक्टर

मी कृत्रिम दात आणि इम्प्लांटचं काम करते, म्हणून इथं थांबून सांगते. हे इंजेक्शन हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

झोलेड्रॉनिक ॲसिड हाडाची झीज थांबवतं, पण त्याचबरोबर हाड स्वतःची डागडुजी करतं तो वेगही मंदावतो. जबड्याच्या हाडाला तर रोज चावण्याचा ताण असतो आणि तोंडातले जंतू जवळ. दाढ काढल्यावर ती जखम भरून न येता हाड उघडं पडून राहण्याचा धोका या औषधावर असलेल्यांना असतो. ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत तो कमी आहे, म्हणून घाबरू नका. कॅन्सर हाडात पसरला म्हणून तेच औषध महिन्या-महिन्याला घेणाऱ्यांत तो कितीतरी जास्त. साखर ताब्यात नसेल तर आणखी वाढतो.

पण धोका कमी असला तरी जिथं दाढ वाचू शकते तिथं ती काढून जखम करायचीच कशाला? रूट कॅनालमध्ये हाडाला हात लागत नाही. आईंसाठी माझा कौल स्पष्टपणे दाढ राखण्याकडं आहे, अट एवढीच की मूळ चिरलेलं नको. दोन्ही दंतवैद्यांना आणि अस्थिरोगतज्ज्ञांना एकमेकांशी बोलायला सांगा. इंजेक्शन आपल्या मनानं पुढं ढकलू नका. हाडांसाठीच दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब नावाचं दुसरं इंजेक्शन असतं, ते तर अचानक थांबवलं तर मणक्याची हाडं मोडू शकतात. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनाही हेच सांगणं, दातासाठी ती परस्पर बंद करू नका.

दंतवैद्य_मिरज

कराडच्या मॅडमशी पूर्ण सहमत. आता काम ठरलंच तर ते कसं व्हायला हवं, ते सविस्तर लिहितो. पेशंटनं विचारावं असं यात बरंच आहे.

रबर डॅम. दाढ तेवढी बाहेर ठेवून बाकीचं तोंड झाकणारा पातळ रबरी पडदा. न्यूयॉर्कच्या बार्नम नावाच्या दंतवैद्यानं १८६४ मध्ये आणला, म्हणजे हे काही नवं तंत्र नव्हे, तरी आजही तो सर्रास वापरला जात नाही. लाळेत जंतू असतात. ज्या दाढेतले जंतू काढायचे तीच लाळेत बुडालेली असेल तर सगळी मेहनत वाया. शिवाय हायपोक्लोराइट घशात जायला नको आणि हातातून सुटलेली फाइल (कॅनाल घासायचं सुईसारखं हत्यार) पोटात किंवा श्वासनलिकेत जायला नको. "डॉक्टर, रबर डॅम लावणार ना?" एवढं विचारायला कुणी संकोच करू नये. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

दुसऱ्यांदा करताना आधी जुना गटापर्चा काढावा लागतो. कॅनालमध्ये भरतात ती ही गुलाबी-केशरी काडी. गटापर्चा हा झाडाचा चीक, पण काडीत त्याचं प्रमाण साधारण पाचवा हिस्साच असतं, बाकी बहुतांश झिंक ऑक्साइड. ती काढल्यावर हुकलेला कॅनाल शोधायचा. हे काम संथ चालतं, त्यात घाई करणाऱ्याकडं जाऊ नका.

कॅनालची लांबी आता एपेक्स लोकेटरवर मोजतात. कॅनालमधल्या फाइल आणि ओठाला लावलेला हूक यांच्यातला विद्युतरोध मोजून मूळ कुठं संपतं ते यंत्र सांगतं. या पद्धतीचा पाया जपानच्या सुनादा यांनी १९६२ मध्ये घातला. पूर्वी हे फक्त एक्स-रेवर आणि बोटांच्या अंदाजावर चालायचं.

फाइली पूर्वी पोलादाच्या असत. वाकड्या मुळात त्या सरळ जायला बघत आणि कॅनालची भिंत कोरून टाकत. १९८८ मध्ये वालिया आणि सहकाऱ्यांनी निकेल-टायटॅनियमच्या फाइली मांडल्या आणि आमचं काम बदललं. ही मिश्रधातू वाकते आणि मुळाच्या वळणाबरोबर जाते. मोटरवर चालते, मोटर ठरावीक जोरानंतर आपोआप उलटी फिरते. तरी फाइल मोडू शकते, विशेषतः पुन्हा पुन्हा वापरली तर. तुकडा आत राहिला म्हणजे दात गेलाच असं नाही. तो कुठं राहिला आणि तोपर्यंत कॅनाल किती साफ झाला होता, यावर सगळं अवलंबून. पण तुकडा राहिल्याचं पेशंटला त्याच दिवशी सांगितलंच पाहिजे आणि केसपेपरवर लिहिलंच पाहिजे. याबाबतीत मी कुणाचीही बाजू घेणार नाही.

फाइल कॅनालला आकार देते, जंतू मारतं ते द्रावण. कॅनाल गोल नसतो, चपटा असतो, त्याला फांद्या असतात, फाइल प्रत्येक भिंतीला पोचत नाही. म्हणून हायपोक्लोराइटनं भरपूर धुवायचं, मग १७ टक्के ईडीटीएनं भिंतीवरचा भुश्याचा थर काढायचा. धुताना अल्ट्रासोनिक टोकानं द्रावण हलवलं की ते फांद्यांतही शिरतं. माझ्या मते कुठल्याही नव्या फाइलपेक्षा या धुण्याला दिलेला वेळ जास्त मोलाचा.

माधवनगर

एका बैठकीत करावं की दोन-तीन? मला एका दाढेला बऱ्याच फेऱ्या झाल्या होत्या, दुसरी एकाच बसणीत झाली.

दंतवैद्य_मिरज

पहिल्यांदाच होणाऱ्या कामात एका बैठकीचे आणि अनेक बैठकींचे निकाल जवळपास सारखेच येतात. कॅनाल कोरडा होत असेल तर एकात पूर्ण करायला हरकत नाही. पू येतच असेल, सूज असेल किंवा आईंसारखं दुसऱ्यांदा काम असेल तर मी मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून आठवडा-दोन आठवडे थांबतो.

काम झाल्यावर दोन-तीन दिवस चावताना दुखणं नेहमीचं आहे, साध्या वेदनाशामकावर भागतं. किडनीचा त्रास असलेल्यांनी ती गोळीही विचारूनच घ्यावी. अँटिबायोटिक ही दुखणं थांबवणारी गोळी नाही. नस सुजून ठणका लागलेला असतो तेव्हा तिचा काही उपयोग होत नाही, मेडिकलमधून आपल्या मनानं घेऊ नका. पण जबड्याखाली सूज पसरत चालली, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर दातांच्या दवाखान्याची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जा, रात्र असली तरी. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहेच.

कराडची_डॉक्टर

आणि कॅप! रूट कॅनाल झालं, दुखायचं थांबलं, की लोक कॅपसाठी येतच नाहीत. ऊसतोड, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, कारणं खरी असतात, पण दाढ कुणाची वाट पाहत नाही. अमेरिकेतल्या विमा नोंदींवरून १४ लाखांहून जास्त दातांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. रूट कॅनालनंतर ८ वर्षांनी ९७ टक्के दात तोंडात होते. जे काढावे लागले त्यांतल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती.

कॅप टिकायची तर हिरडीच्या वर धड दाताची दीड-दोन मिलिमीटर उंचीची भिंत चोहीकडून मिळायला हवी. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जसं आवळून धरते तशी कॅप त्या भिंतीला धरते. भिंतच नसेल तर आत खिळा घालून वर कॅप बसवली तरी ती निखळते, नाहीतर मूळच चिरतं. तेव्हा मी स्वतः दाढ राखायचा आग्रह धरत नाही, इम्प्लांटचा विषय तिथून सुरू होतो. विश्रामबागच्या डॉक्टरांना कदाचित हेच दिसलं असेल. त्यांना सरळ विचारा, "कॅप काढल्यावर भिंत किती उरेल असं वाटतं?" त्यावर ते जे उत्तर देतील त्यावरून खूप कळेल.

द्राक्षबाग

मॅडम, मग आमच्या वडिलांना आता इम्प्लांट होईल का? दाढ काढून बरीच वर्षं झाली. वय ७१, साखर नाही. तंबाखू मळतात.

कराडची_डॉक्टर

दादा, वय आड येत नाही, तंबाखू येतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळतं. मळलेल्या तंबाखूनं आणि मिश्रीनं हिरडी खराब होते, आणि शेवटी इम्प्लांटभोवतीची हिरडीच त्याला राखत असते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंड तपासताना मला रोज दिसतो. वडिलांना आधी तंबाखू सोडायला मदत करा, त्या निमित्तानं तोंडात कुठं पांढरा-लाल चट्टा नाही ना, तेही पाहून घ्या. हे इम्प्लांटपेक्षा महत्त्वाचं.

आता इम्प्लांट म्हणजे काय ते सांगते. स्वीडनच्या लुंडमध्ये ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढताना लक्षात आलं की हाड त्याला घट्ट चिकटून वाढलंय. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. योस्टा लार्सन हे ते गृहस्थ. २००६ मध्ये ते वारले तेव्हाही ते दात कामाचे होते. आजचं प्रत्येक इम्प्लांट त्याच तत्त्वावर चालतं. स्क्रू बसवायचा, हाड त्याला धरेपर्यंत थांबायचं, मग वर दात चढवायचा.

थांबायचं किती, हे हाडावर. खालच्या जबड्याचं हाड घट्ट, तिथं सहसा दोन-तीन महिने पुरतात, वरच्या जबड्यात जास्त लागतात. "एका दिवसात दात" अशा पाट्या दिसतात. पुढच्या दातांत, पकड उत्तम मिळाली तर तात्पुरता दात लगेच देता येतो, मीही देते. पण मागच्या दाढेला, जिथं चावण्याचा सगळा जोर येतो, तिथं तीन महिने थांबण्यात पेशंटचं काही बिघडत नाही.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत आधी सीबीसीटी. दाढ काढल्यावर तिथलं हाड आटतं, सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात. हाड किती रुंद उरलंय, खालून जाणारी नस किती खाली आहे, हे मोजायचं. नसेपासून २ मिलिमीटर अंतर राखायचंच. मोजमाप न करता इम्प्लांट बसवतो म्हणणाऱ्याकडून उठून या. रुंदी कमी असेल तर हाडाची भर घालता येते, पण खर्च आणि वेळ वाढतो. शिवाय वरची दाढ खाली उतरलीय म्हणता, म्हणजे खाली दात बसवायला उंचीच उरली नसेल. तिला घासून बारीक करून कॅप घालावी लागेल किंवा तारेनं हळूहळू वर ढकलावं लागेल. सुरुवातीला तुम्ही लिहिलंत ना, आधी ठरवा म्हणून, ते सगळ्यांनी वाचावं.

ब्रिजही, म्हणजे शेजारच्या दातांना घासून त्यांच्या आधारानं बसवलेला दातही, विसरू नका. शेजारच्या दोन्ही दाढांवर आधीच मोठी सिमेंटं असतील तर ब्रिज चांगला. त्या धडधाकट असतील तर त्यांना घासायचं जिवावर येतं, तिथं इम्प्लांट बरं.

सिरॅमिकवाला

मी सांगलीत दातांची लॅब चालवतो. डॉक्टर मंडळी जे पाठवतात त्यावर आमचं काम ठरतं, म्हणून लॅबची बाजू मांडतो.

आता ठशाऐवजी तोंडातला स्कॅन येतो. इम्प्लांटवर एक छोटी खुंटी बसवून स्कॅन करतात, तिच्यावरून आम्हाला इम्प्लांट कुठल्या कोनात, किती खोल आहे ते संगणकावर कळतं. एका-दोन दातांना स्कॅन उत्तम. संपूर्ण जबड्याच्या कामात चूक साठत जाते, तिथं मी अजूनही डॉक्टरांना पडताळणीसाठी जोडपट्टी तोंडात बसवून बघायला सांगतो.

झिरकोनियाचा दात आम्ही मूळ मापापेक्षा २० ते २५ टक्के मोठा कापतो, मग साधारण १५०० अंशांच्या भट्टीत तो आकसून मापावर येतो. भट्टीचं चक्र घाईनं उरकलं तर ताकद आणि रंग दोन्ही जातात. "उद्या सकाळी हवा" असा फोन आला की मी नाही म्हणतो.

शक्य तिथं स्क्रूनं आवळायचा दात मागा. सिमेंटनं चिकटवलेल्या दातात जादा सिमेंट हिरडीखाली राहिलं तर तिथं सूज येऊन हाड उतरायला लागतं. स्क्रूचा दात पुढंमागं उघडून साफ करता येतो. वरच्या भोकात टेफ्लॉनची पट्टी घालून दाताच्या रंगाचं सिमेंट भरतात, दिसत नाही.

कराडची_डॉक्टर

सिरॅमिकवाल्यांना दुजोरा. एक भर घालते. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते, जोरात चावलं की तो २५ ते १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आत दबतो. इम्प्लांट थेट हाडात असतं, ते ३ ते ५ मायक्रॉनच हलतं. म्हणून त्याचा चावा किंचित हलका ठेवावा लागतो. त्याला "खडा आला" ही जाणीवही खऱ्या दातासारखी होत नाही. भाजलेल्या शेंगांतला खडा, कडक चिक्की, सुपारी, यांनी वरचं सिरॅमिक उडतं. ज्यांची खरी दाढ वाचू शकते त्यांनी ती का वाचवावी याचं माझ्या लेखी हे सगळ्यात मोठं कारण. इम्प्लांट माझं रोजचं काम आहे आणि ते उत्तम काम आहे, पण गेलेल्या दाताच्या जागी.

पुणे_ते_सांगली

माझं इम्प्लांट नोकरीत असताना पुण्यात झालं. आता सांगलीला आलोय आणि वरची कॅप डुलायला लागलीय. इथल्या डॉक्टरांनी कंपनी विचारली, मला माहीत नाही. पुण्यातला तो दवाखाना बंद झालाय. इम्प्लांट गेलं का?

कराडची_डॉक्टर

बहुतेक वेळा अशी डुलते ती वरची कॅप, आत स्क्रू सैल झालेला असतो आणि इम्प्लांट जागच्या जागी घट्ट असतं. पण दिवस घालवू नका, सैल स्क्रूवर चावत राहिलात तर तो मोडतो आणि मग काम अवघड होतं. फेविक्विकसारखं काही घरी चिकटवू नका. एक्स-रेत इम्प्लांटचा आकार आणि आट्यांवरून कंपनी बऱ्याचदा ओळखता येते. स्क्रू बदलून टॉर्क रेंचनं ठरलेल्या जोरानं, सहसा ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर, आवळायचा.

हे वाचणाऱ्या प्रत्येकानं इम्प्लांट करताना कार्ड मागून घ्या: कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर, आणि वरचा भाग कुठला बसवला ते. इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतात, ते कार्डवर लावून देतात. मुलं पुण्या-मुंबईला आणि आईवडील इकडं, अशा घरांत तर हे कार्ड गाडीच्या आरसी बुकाइतकं जपा. बिल घेतानाही इम्प्लांट, वरचा जोडभाग, कॅप, हाडाची भर लागली तर ती, असं सगळं वेगवेगळं लिहून घ्या. एका ठिकाणचा दर स्वस्त आणि दुसरीकडचा महाग वाटतो तो पुष्कळदा एकानं कॅप धरलेलीच नसते म्हणून.

कृष्णाकाठ

कळवायचं राहिलं होतं. प्रोबनं मोजलं, खोल खड्डा कुठंच नाही. सीबीसीटीत मागच्या मुळात एक कॅनाल भरलेलाच नाही असं दिसलं, गळूही त्याच मुळाशी आहे. अस्थिरोगतज्ज्ञांशी मिरजेच्या डॉक्टरांनी स्वतः फोनवर बोलून घेतलं. एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ७.१ आलंय. विश्रामबागच्या डॉक्टरांना स्कॅन दाखवला, इंजेक्शनचं सांगितलं, तर तेही लगेच म्हणाले की मग राखण्याचाच प्रयत्न करा. रूट कॅनाल परत करायचं ठरलंय. समजा यानंही गळू गेलं नाही तर पुढं काय?

दंतवैद्य_मिरज

उत्तम, चित्र स्वच्छ आहे. गळू भरून यायला वेळ लागतो, सहा महिन्यांनी आणि वर्षानं एक्स-रे काढून तुलना करायची. पुटकुळी मात्र काही आठवड्यांत बंद व्हायला हवी.

नाहीच गेलं तर एरवी मुळाच्या टोकाची छोटी शस्त्रक्रिया असते. टोकाचे साधारण ३ मिलिमीटर कापतात, कारण बहुतेक बारीक फांद्या तिथंच असतात, आणि मागून एमटीएसारखं सिमेंट भरतात. लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद यांनी १९९३ च्या सुमारास ते आणलं. ओलसर जागेतही घट्ट होतं आणि हाड त्याच्याशी जमवून घेतं. आईंच्या बाबतीत तीही हाडावरची जखमच, त्यामुळं तो निर्णय तेव्हा सगळ्यांनी मिळून घ्यायचा. आत्ताचं काम निगुतीनं होणं म्हणूनच जास्त महत्त्वाचं.

खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी: सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाचं. शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, खर्च कमी.

माधवनगर

माझ्या पत्नीला खालच्या जबड्यात दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी आहे. पुढच्या आठवड्यात कमरेच्या मणक्याचा एमआरआय सांगितलाय. चालेल का?

कराडची_डॉक्टर

चालेल काका. टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही, इम्प्लांट जागचं हलत नाही. काही कवळ्या इम्प्लांटवर छोट्या चुंबकानं बसतात, काही बटणासारख्या खटक्यानं. कुठलीही असो, कवळी काढून घरी ठेवा. चुंबकाची असेल तर इम्प्लांटवर उरणाऱ्या भागाबद्दल आधी दंतवैद्यांना विचारा, आणि एमआरआयच्या तंत्रज्ञांना फॉर्म भरतानाच सांगा. जबड्याच्या आसपासची प्रतिमा थोडी विस्कटते, कमरेच्या मणक्याला त्याचा काही फरक पडत नाही.